१२३४५६७८९८७६५४३२१ : देवळालीच्या कापरेकरांची ही एक संख्या

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, देवळालीचे गणिती कापरेकर ह्यांचं नाव निघालं की आपल्या नाशकात सुद्धा गप्पा ६१७४ पाशी (चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते ती संख्या) सुरू होतात आणि तिथेच संपतात. ६१७४ भारीच आहे, त्यात वाद नाही, पण त्यांच्या आवडीच्या दुसऱ्या एका संख्येबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून हा धागा.

संख्या ही: १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी. उलटी वाचा नाहीतर सुलटी, तीच. रोजच्या पद्धतीने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीचे कोटी झाले की आपली जीभ अडखळते, पण भास्कराचार्यांच्या लीलावतीत परार्धापर्यंत प्रत्येक स्थानाला वेगळं नाव दिलंय, त्या यादीप्रमाणे सगळ्यात डावीकडचा १ येतो 'मध्य' ह्या स्थानावर, आणखी एक घर सरकलं की परार्ध. मधला ९ बसतो अर्बुदावर.

ही आली कुठून, तर १११११११११ × १११११११११. नऊ एकांचा वर्ग.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, कॉलेज पुण्याला फर्ग्युसन, १९२७ ला तिथे रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत आपल्या देवळालीत शाळामास्तर. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेत सायंटिफिक अमेरिकनच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. ह्या जातीच्या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो. जुन्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर ह्या नावाचं स्टेशन होतं, आजचं डोंबिवली, तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून.

डेम्लो संख्येचे तीन तुकडे करायचे, डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा मिळवले की सगळे अंक एकसारखे यायला पाहिजेत आणि मधल्या तुकड्यात तोच अंक पाहिजे. १६५ बघा, १ आणि ५ चे ६, मधे ६. २५५३ मध्ये २ आणि ३ चे ५, मधे ५५. आता आपली घ्या, १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधे ९. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी माळ पुढे जाते तिला ते वंडरफुल डेम्लो म्हणत, आपली संख्या तिच्यातली नववी.

मला वाटतं हिच्यात जे जे दिसतं ते बहुतेक एकाच कारणातून निघतं, ते म्हणजे हा गुणाकार करताना कुठेच हातचा येत नाही. कुणाला काही वेगळं दिसलं असेल तर नक्की लिहा, सगळं एका जागी जमा होऊ दे.

---

सिडको_सायली

मस्त धागा दादा. पण मी आत्ता ऑफिसात एक्सेलमध्ये =१११११११११*१११११११११ टाकून बघितलं, सेलचा फॉरमॅट नंबर केला तर १२३४५६७८९८७६५४३०० आलं. शेवटी दोन शून्य! मग उलटसुलट सारखी कुठे राहिली?

---

पंचवटी_ते_हिंजवडी

सायली, संख्या बरोबर आहे, एक्सेल शेवटचं विसरतं. एक्सेल फक्त पंधरा अंक जपतं, सोळाव्या अंकापासून पुढे सरळ शून्य. आपली सतरा अंकी म्हणून २१ च्या जागी ००.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हाच गुणाकार टाकलास तर वेगळीच गंमत, तिथे १२३४५६७८९८७६५४३२० येतं, म्हणजे फक्त शेवटचा १ जातो. कारण तिथे पूर्णांक बिनचूक राहण्याची हद्द २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या पुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्या साठवता येतात, आणि आपली तर विषम, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. पायथॉनमध्ये टाक, तिथे पूर्णांकाला अशी हद्द नाही, पूर्ण १२३४५६७८९८७६५४३२१ मिळेल.

एक सांगतो, आठ एकांचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१ पंधरा अंकी आहे, तो एक्सेलमध्ये नीट येतो. नवव्यालाच गडबड.

---

जेलरोडचे_सर

एक्सेल राहू द्या, ही वहीवरच करायची संख्या आहे. मी आठवीच्या स्कॉलरशिपच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर करून दाखवतो, आधी चार एकांचं:

११११
११११०
११११००
११११०००
बेरीज १२३४३२१

चौकटीची वही घेतली की फार छान दिसतं. प्रत्येक ओळीत तेच चार एक, दर ओळीला एक चौकट डावीकडे सरकलेले. आता बेरीज करताना प्रत्येक उभ्या रांगेत फक्त एक मोजायचे असतात, दुसरं काहीच नाही. उजवीकडच्या टोकाला एकच, मग दोन, मग तीन, मधे चार, मग परत तीन दोन एक. गोदाघाटाच्या पायऱ्यांसारखं एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. नऊ एक घेतले की मधल्या रांगेत नऊ एक जमतात, आणि नऊ हा एका चौकटीत मावणारा सगळ्यात मोठा अंक. म्हणून धागाकर्त्यांचं म्हणणं अगदी खरं, हातचा येत नाही हेच सगळ्याचं मूळ.

ह्यातून आणखी एक पटकन निघतं. सगळ्या अंकांची बेरीज किती? चौकटीत एकूण एक किती लिहिले तेवढी, नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ, म्हणजे ८१. मोजून बघा, १ ते ९ चे ४५ आणि ८ ते १ चे ३६, बरोबर ८१.

---

इंदिरानगर_वहिनी

वाचतेय. लेकीला दाखवलं, ती वही घेऊन बसलीये.

---

तपोवन७२

८१ म्हणजे ८ अधिक १ नऊ. अंकशास्त्रात नऊ मंगळाचा. मधे नऊ, नऊ एक, बेरीज नऊ. माझी श्रद्धा आहे की अशा संख्येत काहीतरी विशेष स्पंदनं असतात, कापरेकरांनाही ते जाणवलं असणार.

---

गोदाकाठ

काका, तुमच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण नऊ परत परत का येतो ह्याचं कारण हातात आहे तर ते सांगतो. आपण दहाच्या पायाने मोजतो म्हणून १०, १००, १००० ह्या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते, त्यामुळे कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज ह्यांना ९ ने भागून बाकी सारखीच. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला नऊने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

हेच अंक सोळाच्या पायाने लिहिले समजा. तिथेही नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असाच दिसतो, अंकांची बेरीज ८१ च. पण सोळाच्या पायाने ८१ लिहितात ५१, आणि ५ अधिक १ सहा. दिसायला तीच संख्या आणि तिथे नऊच्या ऐवजी सहा. म्हणजे तो नऊ आपल्या दहा बोटांचा.

आणि ८१ ने भाग जातो म्हणजेच ती स्वतःच्या अंकांच्या बेरजेने विभाज्य झाली, अशा संख्यांना हर्षद हे नाव कापरेकरांनीच दिलंय. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे.

---

सातपूर_एमआयडीसी

मला खरंच विचारायचंय, खोचकपणे नाही. दहाचा पाया बदलला की अंक बदलतात, मग अंकांच्या ह्या आकृत्यांना गणित म्हणायचं का? खरे गुणधर्म म्हणजे अवयव, मूळ संख्या वगैरे, जे कुठल्याही पायाने लिहिलं तरी तेच राहतात. कापरेकरांना त्यांच्या हयातीत इथल्या मोठ्या गणितज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही ते ह्याच कारणाने ना?

---

जेलरोडचे_सर

प्रश्न चांगला विचारलात, ह्याच्यावर मला मनापासून लिहायचंय.

पाया काहीही असो, त्याला क्ष म्हणा. नऊ एक म्हणजे १ + क्ष + क्ष वर्ग असं करत क्ष च्या आठव्या घातापर्यंत. तिचा वर्ग केला की सहगुणक येतात १, २, ३ ... ९ ... ३, २, १. हे बहुपदीचं सत्य आहे, त्याचा दहाशी काहीही संबंध नाही. पाया दहा किंवा त्याहून मोठा कुठलाही घ्या, १२३४५६७८९८७६५४३२१ असे हे अंक लिहिलेली संख्या तिथे पूर्ण वर्गच असणार. आणि लहान पायातही तीच माळ पण आखूड, आठच्या पायाने सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१. पाया जेवढा, त्याहून एकाने कमी एवढे एक घेता येतात.

आता अवयव. हीच बहुपदी दोन तुकड्यात फुटते, (क्ष वर्ग + क्ष + १) आणि (क्ष चा सहावा घात + क्ष चा घन + १). क्ष च्या जागी १० टाका, १११ × १००१००१ = १११११११११. पुढे १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून आपली मोठी संख्या म्हणजे ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. झालं, तुम्ही म्हणता ते खरे अवयव अंकांच्या आकृतीतूनच निघाले. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

आणि ते ३३३६६७ साधंसुधं नाही. १ ला ३३३६६७ ने भागलं की ०.०००००२९९७ ०००००२९९७ असं नऊ-नऊ अंकांनी परत परत येतं, आणि ज्या मूळ संख्येचं आवर्तन बरोब्बर नऊ अंकांचं आहे अशी ही एकच आहे, दुसरी नाहीच. ३७ चंही तसंच, तीन अंकी आवर्तनाची मूळ संख्या ३७ एकटीच, १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७०२७. ह्या दोघी एकट्या संख्या आपल्या संख्येत एकत्र राहतात.

नुसत्या एकांच्या संख्यांचा अभ्यास जगभर गंभीरपणे चालतो. ११ मूळ आहे, मग एकदम एकोणीस एकांची, तेवीस एकांची, नंतर ३१७ एकांची, जी मूळ असल्याचं १९७० च्या दशकात सिद्ध झालं, आणि १०३१ एकांची, ते १९८६ मध्ये, कापरेकर गेले त्याच वर्षी. ह्याला गणित नाही तर काय म्हणायचं? देवळालीसारख्या ठिकाणी, पुढची डिग्री नाही, जवळ विद्यापीठ नाही, शाळेची नोकरी सांभाळून माणूस आयुष्यभर हेच करत बसला आणि प्रत्येक गोष्टीचं कारण शोधत गेला, मला तरी त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

---

सातपूर_एमआयडीसी

सर, बहुपदीचं पटलं. हा मुद्दा डोक्यात नव्हता. धन्यवाद.

---

वडनेर_दहावीब

सर मी दहावीत आहे. कापरेकरांच्या स्वयंभू संख्या म्हणजे ज्या कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून बनत नाहीत त्या ना? म्हणजे २१ बनते १५ पासून, १५ + ६. पण २० कशापासूनच बनत नाही म्हणून २० स्वयंभू. मग आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे का, आणि एवढी मोठी कशी तपासायची?

---

गोदाकाठ

वा रे पठ्ठ्या! ह्यांनाच कापरेकर देवळाली संख्याही म्हणत, आपल्या गावाच्या नावाने. तपासणं वाटतं तेवढं अवघड नाही, बघ.

समज ती कुठल्यातरी संख्येपासून बनली, तिला आई म्हणू. आईला ९ ने भागून जी बाकी तीच तिच्या अंकांच्या बेरजेची, म्हणजे दोन्ही मिळवले की बाकी दुप्पट होणार. आपल्या संख्येची बाकी शून्य, मग आईची पण शून्यच पाहिजे, म्हणजे आईच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यातली.

सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३. एवढं वजा केलं तरी आपल्या संख्येचे फक्त शेवटचे तीन अंक ३२१ बदलतात, आधीचे चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ तसेच राहतात आणि त्यांची बेरीज ७५. शेवटच्या तिघांची बेरीज २७ च्या वर जात नाही, म्हणून आईची एकूण बेरीज ७५ ते १०२ मध्येच कुठेतरी. नऊच्या पाढ्यातले त्यात तीनच, ८१, ९०, ९९.

९९ वजा करून शेवट २२२, बेरीज ७५ + ६ = ८१, जमलं नाही. ९० वजा करून २३१, परत ८१, जमलं नाही. ८१ वजा करून २४०, बेरीज ७५ + ६ = ८१, जमलं!

म्हणजे आई १२३४५६७८९८७६५४२४०, आणि ती एकच. आपली संख्या स्वयंभू नाही.

---

वडनेर_दहावीब

भारी!! मी पुढे पण करून बघितलं. आपल्या संख्येत ८१ मिळवले की १२३४५६७८९८७६५४४०२, तिची पण बेरीज ८१ च. म्हणजे ८१ च्या दोन उड्या झाल्या आणि अजून एक मारायची आहे, मग ४८३ शेवट येतो आणि तिथे बेरीज ९० होते.

---

लॅमरोड_निवृत्त

उशिरा आलो धाग्यावर. दहा एक घेतले तर काय होतं ते कुणीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते खरी मजा तिथे आहे.

दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढात आठ दिसत नाही. मधल्या रांगेत दहा एक जमले, खाली ० लिहिला हातचा १. डावीकडच्या रांगेत नऊ होते, हातच्यासकट दहा, परत ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडे आठ, हातच्यासकट नऊ, तिथे थांबलं. म्हणजे आठाचा नऊ झाला आणि नवाचा शून्य.

आता १ भागिले ८१ करा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... इथेही आठ नाही. दोन्हीकडे कारण एकच, कारण १ भागिले ९ म्हणजे ०.१११११ असं न संपणारं, आणि त्याचा वर्ग १ भागिले ८१. न संपणारे एक एकमेकांनी गुणले की रांगा १, २, ३ करत नऊच्या पुढे दहा, अकरा होत जातात आणि प्रत्येक वेळी हातचा आठापर्यंत पोचतो. शाळेत १२३४५६७९ × ६३ = ७७७७७७७७७ हे सगळ्यांनी करून बघितलेलं असतं, त्या १२३४५६७९ मधला आठ सुद्धा ह्याच हातच्याने नेलेला.

अवांतर, पण सांगायलाच पाहिजे. हा छंद आपल्याकडे फार जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य होऊन गेले, त्यांच्या गणितसारसंग्रहात असे हारासारखे दिसणारे गुणाकार दिलेत. १२३४५६७९ × ९ = १११११११११ त्यात आहे, १५२२०७ × ७३ = ११११११११ आहे, आणि २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ सुद्धा, म्हणजे आपल्याच माळेतली सहावी संख्या, सहा एकांचा वर्ग. हजारेक वर्षांनी डोंबिवलीच्या स्टेशनावर एका माणसाचं डोकं त्याच वाटेला लागलं, हे वाचून मला फार आनंद होतो.

---

सिडको_सायली

काका किती छान लिहिलंत. मग मला एक सांगा, हातचा न घेता मधे अख्खा १० च लिहिला तर? १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असं. ती पण कशाचा तरी वर्ग असेल का?

---

पंचवटी_ते_हिंजवडी

नाही, आणि उत्तर ऐकून उडशील. ती मूळ संख्या आहे!

वीस अंकी, उलटसुलट मात्र नाही, उलटीकडून वाचलं की मधला १० उलटून ०१ होतो. वर्ग नाही, अवयव नाहीत, १ आणि ती स्वतः, बस. १ ते ९ पर्यंतची सगळी माळ पूर्ण वर्गांची, नवव्या संख्येला ४५ विभाजक, आणि पुढच्या पायरीला हातचा न घेता १० ठेवला की विभाजक फक्त दोन. आत्ता पायथॉनमध्ये तपासलं, एका क्षणात उत्तर आलं.

---

वडनेर_दहावीब

मग मधे ११ पर्यंत नेलं तर? १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१?

---

पंचवटी_ते_हिंजवडी

ती नाही मूळ. १२, १३, १४ असं करत शंभरापर्यंत नेलं तरी एकही मूळ मिळत नाही. १२ ची संख्या तू हाताने घे, तिला किती ने भाग जातो ते अंकांच्या बेरजेवरून सुरू करून बघ आणि इथे लिही.

---

वडनेर_दहावीब

१ ते ११ च्या अंकांची बेरीज ४५ + १ + २ = ४८, दुप्पट ९६, मधल्या १२ चे ३, एकूण ९९. नऊने भाग जातो!